वेर्ण्याचे व्हॉल्व्ह, सत्तरीचा माकडताप आणि महासंहारक शस्त्रं

गोव्यातल्या वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या युनिटात मी एक्सपोर्टचे कागद बघतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, कस्टम्सच्या एजंटच्या मागं लागणं, बस एवढंच काम. मागं एकदा आखातातल्या एका ट्रेडरची ऑर्डर आली. चाळीस बॉल व्हॉल्व्ह, दोन इंची, मटेरियल हॅस्टेलॉय, आणि ‘माल कशासाठी’ या रकान्यात एकच शब्द, ‘डेअरी’. मी ती फाइल बाजूला ठेवली आणि सांगितलं की हा माल असा जायचा नाही, आधी विचारपूस, मग दिल्लीचा परवाना. आमचे फोरमनबाब एरवी शांत माणूस, पण महिनाअखेर होती, टार्गेट डोक्यावर होतं, ते तणतणत माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “व्हॉल्व्ह तो, बॉम्ब न्हय मरे!”

त्यांचं बरोबरच होतं, बॉम्ब नव्हताच तो. पण महासंहारक शस्त्रं अडवायचं जे काय राष्ट्रीय धोरण वगैरे आपण पेपरात वाचतो ना, ते नव्वद टक्के असल्या व्हॉल्व्हांवरच चालतं. बॉम्ब तयार झाल्यावर अडवणं जवळपास अशक्य, म्हणून तो अजून पंप, व्हॉल्व्ह, ड्रम, पोतं असतो तेव्हाच अडवायचा. त्या दिवशी फोरमनबाबांना जे चहा पिता पिता समजावलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी दुधाचं बघू. दुधाला स्टेनलेस स्टील ३१६ पुरतं, सगळ्या डेअऱ्या तेच वापरतात. हॅस्टेलॉय हा निकेलचा महागडा मिश्रधातू, स्टीलच्या कितीतरी पट भाव, आणि तो लागतो कुठं तर जिथं ॲसिड साधं स्टील खाऊन टाकतं तिथं. केमिकल प्लँट, फार्मा, असले उद्योग. आणि नर्व्ह गॅस, म्हणजे मज्जासंस्थाच बंद पाडणारं विष, बनवताना वाटेत जी जहाल ॲसिडं लागतात नाहीतर तयार होतात, तीसुद्धा असलेच धातू मागतात. आता कुठला डेअरीवाला दुधासाठी हॅस्टेलॉय मागेल? एक तर त्याला काही कळत नाही, नाहीतर डेअरी हे नुसतं नाव आहे. दोन्हीतलं काय ते विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारणं हेच या सगळ्या धोरणाचं मूळ काम.

महासंहारक शस्त्रं म्हणजे ढोबळमानानं तीन जातीची: अण्वस्त्र, रासायनिक, जैविक. चौथं नाव हल्ली जोडतात ते किरणोत्सर्गी, म्हणजे खरा अणुस्फोट नाही, साध्या स्फोटकाबरोबर किरणोत्सर्गी माल उधळायचा, ज्याला डर्टी बॉम्ब म्हणतात. माझं मत विचाराल तर या चौघांना एका पंगतीला बसवणंच थोडं चूक आहे. अणुबॉम्ब शहर पुसतो. डर्टी बॉम्बनं बहुतेक वेळा माणसं कमी मरतील पण एक अख्खी पेठ कित्येक वर्षं बंद पडेल आणि घबराट मात्र अफाट होईल. पण सरकारी भाषेत सगळी एकत्रच येतात, त्यामुळं धोरणही एकच लिहिलं जातं.

असं धोरण उघडपणे लिहून काढलं अमेरिकेनं, डिसेंबर २००२ मध्ये, आणि त्यात तीन खांब सांगितले: शस्त्र पसरूच द्यायचं नाही, तरी पसरलं तर वापरू द्यायचं नाही, आणि तरीही वापरलं गेलंच तर परिणाम निस्तरायचे. डिसेंबर २०१८ ला दहशतवाद्यांच्या हाती ही शस्त्रं पडण्याबद्दल वेगळा दस्तऐवज काढला. कागद म्हणून वाईट नव्हता, पण पहिला कागद निघून चार महिने होतात न होतात तोच मार्च २००३ ला ‘इराककडं महासंहारक शस्त्रं आहेत’ म्हणत युद्ध झालं आणि साठे काही सापडले नाहीत. तेव्हापासून या विषयावर कोण बोलायला लागला की ऐकणारा आधी हसतो, आणि त्याचा दोष ऐकणाऱ्याला देता येत नाही.

आपल्याकडं हे सगळं तुकड्यातुकड्यांत आहे. २००३ चा अण्वस्त्र सिद्धांत, २००५ चा महासंहारक शस्त्रांविषयीचा कायदा, निर्यातीची स्कोमेट यादी, आपत्ती व्यवस्थापनाच्या मार्गदर्शिका, एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) टीम. मला रोज भेटते ती स्कोमेट, म्हणून तिथंच जरा रेंगाळतो.

स्कोमेट म्हणजे विशेष रसायनं, जीवजंतू, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान यांची यादी. ० ते ८ असे तिचे गट, शून्य म्हणजे अणूचा माल, एक विषारी रसायनं, दोन जंतू, तीन यंत्रसामग्री असं करत पुढं. यादीतलं काही बाहेर पाठवायचं तर बहुतेक मालाला डीजीएफटीचा, म्हणजे दिल्लीच्या परदेश व्यापार महासंचालनालयाचा, परवाना, आणि तो देण्याआधी वेगवेगळ्या मंत्रालयांचे लोक बसून अर्ज बघतात. यादी वाचायला बसलात तर गंमत वाटेल, कारण तिच्यात तोफा कमी आणि आपल्या रोजच्या वापरातल्या वस्तू जास्त. थायोडायग्लायकॉल नावाचं रसायन घ्या, बॉलपेनच्या शाईत चालतं आणि त्याच्यापासूनच अंगावर फोड आणणारा मस्टर्ड गॅस बनतो. ट्रिगर्ड स्पार्क गॅप नावाचा एक छोटा पार्ट आहे, किडनी स्टोन फोडायच्या मशीनमध्ये बसतो आणि अणुबॉम्बच्या डिटोनेटरमध्येही. ऑस्ट्रेलिया ग्रुप नावाचा देशांचा एक क्लब आहे, रासायनिक-जैविक मालाच्या याद्या तो ठरवतो आणि जानेवारी २०१८ पासून आपणही त्यात आहोत; त्यांच्या यादीत १०० लिटरच्या वरची आणि २०,००० लिटरच्या आतली रिॲक्शन व्हेसल, म्हणजे रसायनांची प्रक्रिया करायचं भांडं, येते, पण ती आतून काचेची, टायटॅनियमची, निकेलच्या भारी मिश्रधातूची वगैरे असेल तरच. साध्या स्टीलची असेल तर नाही. व्हॉल्व्हचंही तसंच, धातूवर सगळं अवलंबून. फर्मेंटर २० लिटरच्या वरचा असेल तर यादीत, हे वाचून आमच्या ऑफिसात एकानं विचारलं की मग काजूच्या बोंडाचा रस आंबवायचं पिंप पण बंद काय, तर नाही, यादीतला फर्मेंटर म्हणजे जंतू हवेत जराही न उडता वाढवता येतील असा बंदिस्त. फेणीच्या भाटीवर जाऊन बघा, तिथला वास पाव किलोमीटरवर येतो.

आता खरी मेख यादीत नाही, यादीबाहेर आहे. समजा माल यादीत नाहीच, तरी हा माल महासंहारक शस्त्रासाठी जाणार असं तुम्हाला माहीत असेल तर तो पाठवणं गुन्हा. याला धंद्यातले लोक ‘कॅच-ऑल’ म्हणतात. २००५ च्या कायद्यात असल्या निर्यातीला बंदी आहे आणि शस्त्र बनवणं, दहशतवाद्याच्या हाती देणं वगैरे मोठ्या गुन्ह्यांना किमान पाच वर्षं ते जन्मठेप. २०२२ साली दुरुस्ती करून पैसा पुरवणंही त्यात आणलं. म्हणजे यादीमागं लपता येत नाही, डोकं वापरावं लागतं. आमच्या लाइनीत काही खुणा ठरलेल्या आहेत: गिऱ्हाइकाला मशीन बसवून द्यायची गरजच नाही, वॉरंटी नको, भाव करत नाही, पत्ता बघावा तर कुठल्यातरी फ्रेट फॉरवर्डरचं (माल पुढं पाठवणाऱ्या एजंटचं) गोडाऊन, आणि कंपनीची वेबसाइट परवा उघडलेली. यातली एक खूण असली तर चालतं. तीन असल्या की फोन उचलायचा.

हे सगळं जगभर एकदम कडक का झालं त्याला कारण पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान आणि अणूचा माल चोरून विकणारं त्यांचं जाळं. ऑक्टोबर २००३ मध्ये ‘बीबीसी चायना’ नावाचं जर्मन मालकीचं जहाज लिबियाकडं चाललं होतं, ते इटलीच्या तारांतो बंदरात वळवलं आणि आतल्या कंटेनरांत युरेनियम समृद्ध करायच्या सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे वेगानं फिरणाऱ्या यंत्राचे, भाग निघाले, बनवलेले मलेशियातल्या एका वर्कशॉपमध्ये. म्हणजे डिझाइन एकीकडचं, पार्ट दुसरीकडचे, पैसा दुबईतून, गिऱ्हाईक आफ्रिकेत. मलेशियातल्या त्या कामगारांना आपण काय घडवतोय हे बहुतेक माहीतही नसेल, त्यांचेही कुणी फोरमनबाब असतीलच. फेब्रुवारी २००४ ला खानांनी टीव्हीवर कबुली दिली आणि एप्रिल २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव १५४० केला: प्रत्येक देशानं असला माल बिगर-सरकारी लोकांच्या हाती पडू नये म्हणून कायदे करायचेच, ऐच्छिक नाही. आपला २००५ चा कायदा त्याच्या पुढच्याच वर्षीचा.

बंदरांचं काय, असं वास्कोतला माणूस पहिलं विचारणार. आपल्या मुरगावला मुख्य धंदा कोळसा आणि खनिजाचा, कंटेनर त्यामानानं थोडे, त्यामुळं असल्या कथा आपल्याकडं कमी. कांडल्याला १९९९ साली उत्तर कोरियाचं ‘कु वोल सान’ हे जहाज पकडलं, कागदावर पाणी शुद्ध करायची यंत्रं, आत क्षेपणास्त्रांचे भाग आणि ड्रॉइंग. न्हावा शेवाला जानेवारी २०२४ मध्ये चीनहून कराचीला चाललेलं एक जहाज थांबवून इटालियन बनावटीची सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन उतरवली, आपल्या बाजूचं म्हणणं ती क्षेपणास्त्राच्या कामाला येऊ शकते, पाकिस्ताननं सांगितलं की साधं लेथ आहे, गाड्यांचे पार्ट करायला. बघा, दोन्ही बाजू एकाच मशीनबद्दल बोलतायत आणि मशीनकडं नुसतं बघून कोण खरं ते ठरत नाही. माल घेणारा कोण यावरच सगळं ठरतं.

दुसरा खांब, वापरू न देणं, यात मोठा भाग धाकाचा. आपला अण्वस्त्र सिद्धांत म्हणतो पहिला वार आम्ही करणार नाही. पण त्याच सिद्धांतात एक ओळ आहे जी फारशी कुणी वाचत नाही, की भारतावर मोठा जैविक किंवा रासायनिक हल्ला झाला तर अण्वस्त्रानं उत्तर द्यायचा पर्याय राखून ठेवलाय. देश देशाला घाबरतो म्हणून हे चालतं. पत्ताच नसलेल्या टोळीला कसला धाक?

रासायनिक शस्त्रांच्या बाबतीत मात्र जगानं बरीच मजल मारलीय आणि हे आपण विसरतो. रासायनिक शस्त्रबंदी करार १९९७ ला लागू झाला, १९३ देश त्यात आहेत, हेगला त्याची संस्था आहे जिला २०१३ चं शांततेचं नोबेल मिळालं, आणि तिचे इन्स्पेक्टर खरोखर कारखान्यांत येऊन पाहणी करतात. भारतानंही आपल्याकडचा १,०४४ टन मस्टर्ड गॅसचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत पूर्ण नष्ट केला. अमेरिकेला शेवटचा साठा संपवायला जुलै २०२३ उजाडला. तरी सीरियात २०१३ ला सारिन पडला, २०१७ ला क्वालालंपूर विमानतळावर एका माणसाच्या तोंडाला व्हीएक्स फासून मारलं, दोन्ही नर्व्ह गॅसच. पण पहिल्या महायुद्धात हे टनांनी उडवत होते, त्यामानानं आज कुठं आलोय ते बघा.

आता तिसरा खांब, निस्तरणं. इथं दिल्ली लांब असते आणि गाव जवळ.

२० मार्च १९९५, टोकियोच्या मेट्रोत ओम शिनरिक्यो नावाच्या पंथानं सारिन सोडला. पंथाकडं पैसा होता, शिकलेले केमिस्ट होते, स्वतःचा प्लँट होता, तरी त्यांचा सारिन अशुद्ध निघाला आणि पसरवायची पद्धत म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांना छत्रीच्या टोकानं भोकं पाडणं. तेराजण गेले, नंतर आकडा चौदावर गेला. शुद्ध असता तर विचारू नका. पण शिकायची गोष्ट पुढं आहे: पाच हजारांहून जास्त लोक दवाखान्यांत गेले आणि त्यातले बरेचसे ॲम्ब्युलन्सनं नाही, चालत नाहीतर टॅक्सीनं. एका हॉस्पिटलात एका दिवसात ६०० हून जास्त. कपड्यांवरचं विष तसंच घेऊन आले, त्याच्या वाफेनं डॉक्टर-नर्सना त्रास झाला. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीसमोर असे सहाशे लोक डोळ्यासमोर आणा. अशा वेळी पहिला इलाज औषध नाही. दाराबाहेरच कपडे उतरवणं आणि पाण्यानं धुणं, विषाचा मोठा हिस्सा तिथंच जातो. त्यासाठी लागतो एक नळ, आडोसा आणि लोकांना दटावून रांगेत उभं करणारा खणखणीत आवाजाचा माणूस.

आपण अगदीच अनोळखी नाही यात. जानेवारी २०१८ मध्ये वास्कोजवळच्या चिखलीला हायवेवर अमोनियाचा टँकर उलटला होता, रात्रीची वेळ, गॅस पसरला, आजूबाजूची घरं रिकामी केली. माझी आते त्याच बाजूला राहते, ती अजून सांगते की पहिल्यांदा वाटलं शेजारी फिनेल सांडलं, मग डोळे चुरचुरायला लागले. तो अपघात होता, हल्ला नाही, पण निस्तरण्याच्या दृष्टीनं फरक शून्य. वारा कुठून वाहतोय बघा, त्याला आडवं होऊन बाहेर पडा, अमोनिया पाण्यात विरघळतो म्हणून ओला कपडा तोंडाला धरा, तळघर-खड्ड्यात जाऊ नका. अग्निशामक दलाला त्या रात्री जे करावं लागलं तेच उद्या मुद्दाम सोडलेल्या वायूलाही करावं लागेल, फक्त वायू ओळखायला वेळ लागेल आणि टँकरवर नाव लिहिलेलं नसेल.

किरणोत्सर्गाचा धोकासुद्धा आपल्याला वाटतो तिथून येत नाही. लोक कैग्याकडं बोट दाखवतात, कारवारच्या पलीकडं अणुवीज प्रकल्प आहे म्हणून. तिथं २००९ ला घडलेली भानगड वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे: कुणीतरी आतल्याच माणसानं पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियम असलेलं, म्हणजे किरणोत्सर्गी, जड पाणी ओतलं आणि पन्नासच्या वर कामगारांच्या अंगात ते गेलं. कुंपण, बंदूक, कॅमेरा सगळं बाहेरच्यासाठी, आणि हा तर आतला. पण मला जास्त भीती भंगार अड्ड्यांची वाटते. १९८७ ला ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या क्लिनिकमधलं कॅन्सर उपचाराचं मशीन दोघांनी भंगारात विकलं, आतला किरणोत्सर्गी सीझियम निळा चमकतो म्हणून घरोघर वाटला, चारजण मेले, एक लाखाच्या वर लोकांना तपासावं लागलं. आपल्याकडं दिल्लीच्या मायापुरीत २०१० ला तेच, विद्यापीठानं लिलावात काढलेलं जुनं कोबाल्टचं यंत्र भंगारवाल्यानं कापलं आणि एक कामगार गेला. यात दहशतवादी कुठंच नाही, पण असाच बेवारस माल दहशतवाद्याच्या हाती लागला की डर्टी बॉम्ब. म्हणून भंगारात कधी शिशाचं, आकाराच्या मानानं भलतंच जड डबडं आलं आणि त्यावर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखी खूण दिसली तर कटर लावू नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. आपले भंगार अड्डे हटवा म्हणून वर्षानुवर्षं बातम्या येतात, त्या आगीमुळं आणि रस्त्याच्या अडचणीमुळं. ही बाजू कुणी काढत नाही.

सगळ्यात कच्चा दुवा जैविक शस्त्रांचा. बंदीचा करार १९७५ पासून लागू आहे, पण हेगसारखी तपासणी नाही, इन्स्पेक्टर नाहीत. आणि जंतूला यादीत घालून तो थांबत नाही, रसायन कारखान्यात बनतं, हा आपला आपण वाढतो. स्कोमेटचा जंतूंचा गट चाळताना मला एकदा क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू दिसला आणि मी दोनदा वाचलं. म्हणजे आपला माकडताप! आमच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत जाणाऱ्या बायकांना गोचिडीमुळं होतो तो. १९५७ ला शिमोग्याजवळ सापडला, गेल्या दहा वर्षांत वाळपईच्या आसपास सगळ्यांना ठाऊक झालाय. तो दिल्लीच्या यादीत अँथ्रॅक्सच्या शेजारी बसलाय. प्रयोगशाळेतून तो बाहेरदेशी पाठवायचा तर परवाना, आणि इथं गोचीड त्याला फुकट फिरवतेय.

पण यातूनच कळतं की जैविक हल्ल्याचा बंदोबस्त कसा असतो. सत्तरीत माकड मेलेलं दिसलं की आरोग्य केंद्राला कळवायचं, तिथं फवारणी करायची, त्या बागेत लोकांना जाऊ द्यायचं नाही, तापाच्या पेशंटचं रक्त तपासायला पाठवायचं. साथ नैसर्गिक की मुद्दाम सोडलेली हे पहिल्या आठवड्यात कुणालाच कळत नाही, अमेरिकेत २००१ ला अँथ्रॅक्सची पत्रं आली तेव्हाही हल्ला आहे हे उघड झालं ते एका डॉक्टरला पेशंट वेगळा वाटला म्हणूनच. मेलेल्या माकडाची खबर देणारा सत्तरीतला बागायतदार आणि तो डॉक्टर एकच काम करतायत. यावर खर्च करायचा सोडून नुसत्या चकचकीत मास्कवाल्या मॉक ड्रिलचे फोटो काढले की मला राग येतो.

तर आमचे व्हॉल्व्ह. मी त्या ट्रेडरला नेहमीचं पत्र पाठवलं: माल शेवटी वापरणाऱ्याचं नाव, पत्ता, प्लँट कुठं, दुधाला हॅस्टेलॉय का, आणि वापराचं सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र. दोन दिवसांत उत्तर आलं की पाठवतो. मग आठवडा गेला. मी परत मेल केला, फोन केला, नंबर बंद. ॲडव्हान्स भरलेला होता तोही त्यानं परत मागितला नाही, अकाउंट्सवाले अजून माझ्याकडं बघून डोकं हलवतात. कदाचित बिचाऱ्याला दुसरीकडं स्वस्त मिळाला असेल, कदाचित नसेल, मला कधीच कळणार नाही. घाईघाईत तयार करून टाकलेले बारा व्हॉल्व्ह स्टोअरच्या वरच्या रॅकवर पडून आहेत, आणि खोक्यावर फोरमनबाबांनी खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, ‘दूध’.